गणिताच्या छात्राध्यापकांनी अपूर्णांकांचा डिजिटल खेळ कसा घडवावा

संगणकासमोर बसण्यापूर्वी छात्राध्यापकाने (शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घेणाऱ्याने) मुलांची नेमकी कोणती चुकीची समजूत खेळातून पकडायची आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे. अपूर्णांकांची तुलना करताना दोन समजुती वारंवार आढळतात. ८ हा ५ पेक्षा मोठा, म्हणून १/८ हा १/५ पेक्षा मोठा, ही पहिली. आणि अंश व छेद यांतील फरक दोन्हीकडे १ च आहे, म्हणून ३/४ व ५/६ समान, ही दुसरी.

सर्वांत जास्त वेळ खेळात तुलनेसाठी द्यायच्या अपूर्णांकांच्या जोड्या निवडण्यास द्यावा, कारण छात्राध्यापकाचे शिकणे प्रामुख्याने येथेच घडते. १/५ व १/८ ही जोडी पहिली समजूत उघड करते. परंतु दुसरी समजूत बाळगणारे मूल ४ आणि ७ या फरकांची तुलना करून १/५ हेच बरोबर उत्तर देते व त्याची चूक झाकलेली राहते. ३/४ व ५/६ या जोडीत याच्या उलट घडते. म्हणूनच संगणकाला वाटेल त्या संख्या निवडू देऊ नयेत. पारखून घेतलेल्या जोड्यांची यादी खेळात भरावी.

बांधणीसाठी स्क्रॅच ही ठोकळे जोडून प्रोग्रॅम तयार करण्याची संगणकप्रणाली पुरेशी आहे. ती विनामूल्य असून एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवायही चालते. तिच्या पडद्यावर −२०० पासून २०० पर्यंत आडवी संख्यारेषा आखावी आणि तिच्या टोकांना ० व १ मानावे. अपूर्णांकाला ४०० ने गुणून त्यातून २०० वजा केले की त्याचे स्थान मिळते. ३/४ चे स्थान १०० येते. मुलाने बाण ओढून त्या जागी ठेवायचा. बाण किती जवळ असल्यास उत्तर बरोबर धरायचे, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी तो गणिताचाच आहे : ३/४ व ५/६ यांच्यात रेषेवर सुमारे ३३ एककांचे अंतर असल्यामुळे ४० एककांची सूट दिली, तर दोन्ही समान मानणाऱ्या मुलालाही गुण मिळतील. १५ एककांची सूट योग्य ठरते.

उत्तर चुकल्यास नुसती फुली दाखवू नये. दोन्ही अपूर्णांकांच्या समान लांबीच्या पट्ट्या एकाखाली एक रंगवून दाखवाव्यात. संगीत आणि सजावट शेवटी पाहावी.

आंतरवासितेच्या (प्रत्यक्ष अध्यापनाच्या सरावाच्या) शाळेत दोन-तीन मुलांना खेळू द्यावे, मध्ये काहीही समजावू नये, केवळ "बाण इथे का ठेवलास?" एवढेच विचारून उत्तर शब्दशः टिपून घ्यावे. त्या टिपणांनुसार यादी बदलावी आणि जुनी यादीही जपून ठेवावी; मूल्यमापन करताना प्राध्यापकांनी या दोन याद्यांमधील बदल आणि त्यामागची कारणे पाहावीत.