नर्सिंगला जायचंय? मग आधी नोकरीपासून उलटं मोजत या

बारावीचा निकाल लागला की मला फोन यायला लागतात. "ताई, पोरीला नर्सिंगला टाकावं म्हणायलोत, कोणतं कॉलेज धरू?" मी दरवेळी एकच विचारते, चार वर्षांनी पोरगी नेमकी कुठं कामाला असावी असं तुमच्या मनात आहे? घाटीसारख्या सरकारी दवाखान्यात, गावच्या उपकेंद्रात, एम्सला, का परदेशात? हे कुणीच ठरवलेलं नसतं, सगळे कॉलेज आणि फी एवढंच विचारतात, आणि मग चुकीच्या कोर्सला पैसा जातो. म्हणून हे सगळं एकदाच बैजवार लिहून ठेवायलेय, पुढच्या वेळी ही लिंकच पाठवता येईल.

मी अंबाजोगाईकडच्या एका खेड्यातली. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, माझ्या वेळी तो साडेतीन वर्षांचा होता, नंतर खासगीत राबले, मग सरकारीत लागले आणि नोकरी करत करत पोस्ट बेसिक, म्हणजे डिप्लोमावरून डिग्रीचा कोर्स, केला. म्हणजे लांबच्या रस्त्यानं आले. तुम्ही जवळच्यानं यावं एवढीच इच्छा.

आधी कोर्स समजून घ्या. एएनएम २ वर्षांचं, ते केलं की मुख्यतः जिल्हा परिषदेची आरोग्य सेविका, उपकेंद्र, लसीकरण, गरोदर मातांची नोंदणी. जीएनएम आता ३ वर्षांचं, बारावीला कोणतीही शाखा असली तरी चालते, इंग्रजी पाहिजे आणि ४० टक्के. बीएस्सी नर्सिंग ४ वर्षांचं, त्याला फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी लागतंच, ओपनला ४५ टक्के, एससी-एसटीला ४०, आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वय १७ पूर्ण पाहिजे. जीएनएम झाल्यावर पोस्ट बेसिक बीएस्सी २ वर्षं करून डिग्री घेता येते, पण हिशोब करा, ३ अधिक २ म्हणजे ५ वर्षं आणि दोनदा फी. बारावीला सायन्स आहे, मार्क बसायलेत, घरची तयारी आहे, तर सरळ बीएस्सीच धरा. आर्ट्सवाल्या पोरींनी मात्र मन लहान करू नका, जीएनएमवरून सरकारी अधिपरिचारिकेची, म्हणजे स्टाफ नर्सची, जागा मिळते, मी स्वतः तशीच लागले.

लातूर-नांदेडला नीटचा क्लास लावलेल्या पोरींसाठी एक वेगळं. एमबीबीएसला नंबर लागत नाही म्हणून नीटचा स्कोर फेकून देऊ नका. सैन्याच्या मिलिटरी नर्सिंगचं बीएस्सी आहे, पुण्याच्या एएफएमसीत (सैन्याचं मेडिकल कॉलेज) आणि अजून काही सैनिकी दवाखान्यांच्या कॉलेजांत, त्याला नीटचाच स्कोर लागतो. अविवाहित मुलींसाठी असतं, राहणं-खाणं त्यांच्याकडं, वर विद्यावेतन, आणि पुढं ठरावीक वर्षं सेवेचा बाँड. आपल्याकडच्या पोरी याला अर्जच करत नाहीत, घरच्यांना सैन्य म्हणलं की बंदूकच दिसते.

महाराष्ट्रातल्या बीएस्सीचा प्रवेश सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणारं सरकारी कार्यालय) नर्सिंग सीईटीवरून होतो, त्यात पीसीबी म्हणजे फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड. नीटचा अभ्यास केलेल्याला पीसीबी सोपं जातं, मार्क जातात ते इंग्रजीत, म्हणून शेवटचा महिना इंग्रजीला द्या. परीक्षेनंतर कॅप राउंड, म्हणजे मार्कांनुसार सरकारकडून सीट वाटायच्या फेऱ्या. आणि इथं आपले लोक घाई करतात, राउंड चालू असतानाच कुणीतरी म्हणतं "सीट संपायलेत, पन्नास हजार टाका, मॅनेजमेंटमधून घेतो", आणि बाप सोयाबीनचे पैसे उचलून देतो. देऊ नका!! कारण बऱ्याच फी-सवलती कॅपमधून आलेल्यालाच मिळतात, मॅनेजमेंट कोट्यातून गेलं की तो दरवाजा बंद.

कॉलेज कसं तपासायचं ते आता नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त वाटोळं इथंच होतंय. चार गोष्टी बघायच्या. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या वेबसाइटवर त्या वर्षाच्या यादीत कॉलेजचं नाव आहे का, गेल्या वर्षीची यादी नको. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का. बीएस्सी असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का, जीएनएम-एएनएम असेल तर परीक्षा राज्याच्या नर्सिंग आणि पॅरामेडिकल शिक्षण मंडळाची आहे का. चौथी गोष्ट कागदावर दिसत नाही, ती डोळ्यांनी बघावी लागते. पोरी प्रॅक्टिकलला कोणत्या दवाखान्यात जातात आणि तिथं खाटा किती, पेशंट किती. सकाळी आठला त्या दवाखान्यात जाऊन उभे राहा, वॉर्ड रिकामे असतील तर तिथं शिकून पोरीला सलाईन सुद्धा लावता येणार नाही.

माझ्या मावसबहिणीचं सांगते. एका एजंटनं तिला शेजारच्या राज्यातल्या कॉलेजात घातलं, हजेरी लागणार नाही, परीक्षेपुरतं या म्हणाला. आपल्या उदगीर-देगलूर पट्ट्यातून हद्द जवळ आहे, त्यामुळं असे एजंट गावोगाव फिरतात. तीन वर्षं पैसा भरला, सर्टिफिकेट आलं आणि नोंदणीला गेल्यावर कळलं की त्या कॉलेजला त्या वर्षी मान्यताच नव्हती. ती आज एका क्लिनिकमध्ये नोंदणीशिवाय मदतनीस म्हणून काम करते. तिच्या बापानं दीड एकर विकलं होतं. बाहेरच्या राज्यातली सगळीच कॉलेजं खोटी नसतात, चांगलीही आहेत, पण जिथं "यायची गरज नाही" म्हणतात तिथून उठून या.

आपल्याकडं सरकारी पर्याय आधी संपवा. छत्रपती संभाजीनगरची घाटी, नांदेडचं विष्णुपुरी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूरचं विलासराव देशमुख, ही जुनी मोठी रुग्णालयं, आणि अलीकडं धाराशिव, परभणी, हिंगोली, जालना इथं पण सरकारी मेडिकल कॉलेजं आलीत. यातल्या कुठं नर्सिंगचा कोणता कोर्स चालू आहे ते सीईटी सेलच्या यादीत दिसतं, जिल्हा रुग्णालयांच्या नर्सिंग शाळा पण विसरू नका. सरकारीची फी कमी असते हे तर आहेच, पण खरी कमाई वॉर्डात होते. अपघात विभागात एका रात्री जे शिकायला मिळतं ते छोट्या दवाखान्यात सहा महिन्यांत मिळत नाही.

आता पैसा. खासगी कॉलेजची फी कॉलेज मनानं ठरवत नाही, शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि कॉलेजनुसार ते ऑनलाइन दिसतं. तो आकडा लिहून घ्या आणि मगच काउंटरवर जा, वर मागितलं तर पावती मागा. डोनेशन घेणं १९८७ च्या कायद्यानं बंद आहे. पण फीपेक्षा बाकीचाच खर्च आपल्याला बुडवतो, हॉस्टेल, मेस, दोन-तीन जोड युनिफॉर्म, बूट, बीपीचं मशीन, स्टेथो, जाडजूड पुस्तकं, परीक्षा फी, क्लिनिकलला म्हणजे दवाखान्यातल्या प्रॅक्टिकलला जायचं भाडं. हे घरी बसून एका वहीत लिहा, पूर्ण कोर्सचं लिहा, एका वर्षाचं नको.

मग महाडीबीटी, म्हणजे सरकारी शिष्यवृत्त्यांचं पोर्टल, उघडा. जुलै २०२४ च्या जीआरनं ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा समाजाचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल तर, व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मुलांसाठी आणि बाकीच्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना, एससीसाठी भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक, ओबीसी-व्हीजेएनटीची वेगळी. राहण्यासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, एससी-नवबौद्ध पोरांना सरकारी हॉस्टेल मिळालं नाही तर स्वाधार योजना. मात्र प्रवेश घ्यायच्या आधी कॉलेजात विचारा की आमचा हा कोर्स महाडीबीटीच्या यादीत दिसतो का, आणि मागच्या बॅचच्या दोन पोरींना विचारा की त्यांचे पैसे खरंच आले का.

माझी एका वर्षाची शिष्यवृत्ती अडकली होती. अर्ज भरला, पैसे कुठंच नाहीत. सहा महिने मी ऑफिसच्या खिडकीला उभी, शेवटी कळलं की कॉलेजच्या टेबलवरून अर्ज पुढंच गेला नव्हता. आजच्या पोरींचं वेगळ्या जागी अडकतं, आधार ज्या बँक खात्याला जोडलंय तिथंच पैसे जातात, आणि ते खातं शाळेतलं, बंद पडलेलं. तर प्रवेशाच्या आधीच बँकेत जाऊन आधार सीडिंग कोणत्या खात्याला आहे ते बघा, मोबाईल नंबर बदलू नका, अर्ज कॉलेजच्या लॉगिनवरून पुढं गेला का ते दर पंधरा दिवसाला बघा, आणि दरवर्षी रिन्यूअल भरा, ते आपोआप होत नसतं. डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, हे बारावीच्या दिवाळीतच सेतूवर टाका, जात पडताळणीचा अर्ज पण तेव्हाच पडताळणी समितीकडं करा, उत्पन्नाचा तहसीलचा दाखला मात्र मार्च संपल्यावर नवीन काढा. जूनमध्ये सेतूवर काय गर्दी असते ते माहितीय ना. पडताळणीला तर लई वेळ लागतो.

कर्ज काढायचंच असेल तर सावकाराकडं जाण्याआधी विद्यालक्ष्मी पोर्टलवरून बँकेत अर्ज करा, ४ लाखांपर्यंत साधारण तारण मागत नाहीत. आणि हा हिशोब बापासमोर बसून करा. समजा दरवर्षी १ लाख असं चार वर्षांत ४ लाख उचलले, व्याज १० टक्के, हप्ता कोर्स संपल्यावर एका वर्षानं सुरू. तोपर्यंत सरळ व्याजच १ लाख ४० हजारांच्या आसपास चढतं. मग ५ लाख ४० हजार दहा वर्षांत फेडायचे म्हणजे महिन्याला साधारण ७,१०० रुपये. आमच्याकडं खासगी दवाखान्यात नवीन पोरीला १२ ते १५ हजार सांगतात, म्हणजे निम्मा पगार हप्त्यात. तेच शिकत असताना व्याज महिन्याच्या महिन्याला भरत गेलं, पहिल्या वर्षी ते ८५० रुपयांच्या आत असतं, तर पुढं हप्ता ५,३०० च्या आसपास येतो. एक म्हैस असलेल्या घरालाही ८५० जमतात, फक्त हे कुणी आधी सांगत नाही.

कॉलेज सुरू झाल्यावर पहिले तीन महिने रडू येतंच. मराठी माध्यमातून आलेल्या पोरीला अ‍ॅनाटॉमी फिजिओलॉजी इंग्रजीतून म्हणजे डोक्यावरून जातं. पाठ करू नका, रोज दहा शब्द, मराठी अर्थ आणि चित्र काढून वहीत. थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीला वेगवेगळे ५० टक्के लागतात हे लक्षात ठेवा, एकाचं दुसऱ्यानं भरून निघत नाही. केसबुक त्या-त्या दिवशी लिहा. वॉर्डात इन्चार्ज सिस्टर ओव्हर (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती) घेताना मागं उभं राहून ऐका, त्या दोन मिनिटांत पेशंटबद्दल काय महत्त्वाचं ते कळतं. आणि वॉर्डातल्या मावशी-मामांशी नीट बोला, अडचणीत तेच धावून येतात.

क्लिनिकलला जायच्या आधी हिपॅटायटिस बीचे तीन डोस घ्या, पहिला, एक महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. सुई टोचली तर दाबून रक्त काढत बसू नका, साबण-पाण्यानं धुवा आणि लगेच इन्चार्जला सांगा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध जितकं लवकर तितकं चांगलं, दोन तासांत मिळालं तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नसतो. आमच्या बॅचची एक पोरगी रागावतील म्हणून दोन दिवस गप्प बसली होती, सुदैवानं पेशंटचा रिपोर्ट निगेटिव्ह निघाला, पण ते दोन दिवस ती जेवली नाही.

पास झाल्यावर पहिलं काम महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, तिच्याशिवाय कुठंच काही नाही. आणि आता ते उलटं मोजायचं कामाला येतं. एम्सच्या नॉरसेट या नर्सभरतीच्या परीक्षेला बीएस्सीवाली नोंदणी होताच बसू शकते, जीएनएमवालीला मात्र किमान ५० खाटांच्या दवाखान्यातला २ वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे तुम्ही घराजवळ म्हणून १५ खाटांच्या नर्सिंग होमला दोन वर्षं घातली तर ती तिथं मोजलीच जात नाहीत! पगार थोडा कमी असला तरी मोठा दवाखाना धरा, जॉइनिंग लेटर, पगार बँकेतून, आणि सोडताना खाटांचा आकडा लिहिलेलं अनुभव प्रमाणपत्र घ्या. नॉरसेटमध्ये मूळ पगार ४४,९०० पासून, पण वयाची अट ३० ची, राखीवला सूट. मुलांनी हे पण बघा की तिथं ८० टक्के जागा महिलांना आणि २० टक्के पुरुषांना असतात, त्यामुळं रेल्वे, ईएसआयसी (कामगार विमा महामंडळ) यांचे फॉर्म पण सोबत भरा.

राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेचा मूळ पगार ३५,४०० पासून, जाहिरात मात्र वर्षानुवर्षं येत नाही, आली की हजारो अर्ज. तोपर्यंत एनएचएमचं (राष्ट्रीय आरोग्य अभियान) कंत्राटी काम धरता येतं. बीएस्सीवाल्यांना समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रात २५ हजार आणि कामावर आधारित १५ हजारांपर्यंत वर मिळतात, कायम नाही पण गावात राहून बरं आहे. बीड जिल्ह्यात असं काम करणारी माझी मैत्रीण सांगते, दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं, गरोदर बाईचं कार्ड अर्धवट राहतं, लेकराचा डोस चुकतो, तर ती टोळी निघायच्या आधीच घरोघर जाऊन तपासण्या उरकते आणि मुकादमाचा नंबर घेऊन ठेवते. अशी कामं करायची आवड असेल तर शहरातल्या आयसीयूमागं धावायची गरज नाही.

परदेशाचं वेड सध्या जास्त आहे. जर्मनीला भाषाच मुख्य, बी१-बी२ या पातळीपर्यंत जर्मन शिकावी लागते, वर्षभर तरी त्यात जातं. इंग्लंडला ओईटी किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा. आखातातल्या आणि अशा एकूण १८ देशांत नर्सला फक्त सरकारनं नेमलेल्या संस्थांमार्फतच जाता येतं, खासगी एजंटला तिथं पाठवायची परवानगीच नाही. बाकी देशांसाठी सुद्धा एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदणी असलेला पाहिजे आणि त्याला फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच घेता येते. कुणी दोन लाख मागितले, किंवा मूळ सर्टिफिकेट "ठेवून घेतो" म्हणाला, तर मूळ कागद देऊच नका, झेरॉक्स द्या, आणि त्याचा नोंदणी नंबर तिथंच बसून मोबाईलवर टाकून बघा.