मुंबईत घर कुणाला परवडतं हे मोजताना या चुका टाळा

भाडं भागिले उत्पन्न, उत्तर ३० टक्क्यांच्या आत आलं की घर परवडणारं, असं लिहून मोकळे होणारे अभ्यास मुंबई महानगर प्रदेशावर बरेच होतात. भागाकार बरोबर असतो, अंशाच्या जागी लिहिलेला आकडा अपुरा असतो.

भाड्याच्या रकान्यात नुसतं भाडं

समजा भाडं १२,००० रुपये, डिपॉझिट १ लाख आणि घरात महिन्याला ४०,००० येतात. कागदावर नेमके ३० टक्के. आता डिपॉझिटवर बुडालेलं व्याज वर्षाला १० टक्क्यांनी धरा: महिना ८३३ रुपये. दर ११ महिन्यांच्या करारामागे एक भाडं दलालीत जात असेल तर महिना १,०९१. बेरीज १३,९२४, म्हणजे ३४.८ टक्के. डिपॉझिटचे पैसे महिना शेकडा २ व्याजाने उचललेले असतील तर निव्वळ व्याजच महिना २,००० आणि प्रमाण ३७.७ टक्के. (लिव्ह अँड लायसन्स या भाडेकरारावर मुद्रांक शुल्क काढताना शासनसुद्धा परतीच्या डिपॉझिटवर १० टक्के व्याज धरतं. अभ्यासकाने ते शून्य धरावं, हे नवलच.)

म्हणून डिपॉझिट किती, पैसे कुठून आणले, दलाली किती दिली आणि तीन वर्षांत किती खोल्या बदलल्या, हे चार प्रश्न प्रश्नावलीत हवेतच. मोठी रक्कम एकदम ठेवून दरमहा भाडं न देता, म्हणजे 'हेवी डिपॉझिट'वर राहणारं कुटुंब भाडं शून्य सांगतं. त्याला 'फुकट राहणारे' या रकान्यात टाकलं की सगळी सरासरी खाली येते. पागडीचे, म्हणजे एकरकमी पागडी देऊन जुन्या भाड्यावर राहणारे भाडेकरू तर वेगळेच काढा. त्यांचं भाडं बाजार ठरवत नाही, भाडे नियंत्रण कायदा ठरवतो.

भाड्याचे दर संकेतस्थळांवरच्या जाहिरातींतून घेतले की चाळीतली आणि वस्तीतली खोली यादीत येतच नाही. ती तोंडी सांगण्यावर जाते. रेडी रेकनरही बाजारभाव नव्हे, तो मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेला दर. क्षेत्रफळ घेताना सगळीकडे रेराच्या (स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या) व्याख्येतलं कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळच घ्या. एका नोंदीत कार्पेट आणि दुसरीत जिना-लिफ्टचा वाटाही धरणारं सुपर बिल्ट-अप आलं, तर चौरस फुटाच्या दराला अर्थच उरत नाही.

प्रवासखर्च म्हणजे लोकलचा पास?

घर स्वस्त पण कामापासून लांब असेल, तर प्रवासखर्चही याच हिशेबात धरायला हवा. सेकंड क्लासचा पास काही शेकड्यांत येतो आणि तेवढाच आकडा नोंदवला जातो. खरा खर्च स्टेशनच्या अलीकडे आणि पलीकडे असतो. घर ते स्टेशन शेअर रिक्षाचे जाताना २० आणि येताना २० धरले, तर २५ दिवसांचे १,००० रुपये होतात. कमावणारे दोघे असतील तर २,०००. 'महिन्याला प्रवासाला किती?' असं एकदम विचारू नका. कालच्या दिवसाचा प्रत्येक टप्पा वेगळा लिहा: वाहन, पैसे, वाट पाहण्याची मिनिटं.

दरही तारखेसकट नोंदवा. बेस्टचं साध्या बसचं किमान भाडं ९ मे २०२५ पासून ५ वरून १० रुपये झालं. त्याच्या आधीची आणि नंतरची उत्तरं एकत्र मिसळली तर लोकांच्या वागण्यात बदल झाल्याचा भास होईल.

आणि उत्तर फक्त घरच्या कर्त्याकडून घेऊ नका. मुलाला शाळेत सोडून, धुण्याभांड्याची दोन घरं करून, भाजी घेऊन परतणाऱ्या बाईच्या चार फेऱ्या तो 'कामाला जाते' एवढ्यात संपवतो.

कमी खर्च म्हणजे सोय नव्हे

ही चूक सगळ्यांत महागात पडते. शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजीच्या निर्देशांकात घर आणि प्रवास मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांपर्यंत परवडणारं मानतात. ती मर्यादा मोटारीवर चालणाऱ्या अमेरिकी शहरांसाठी आहे. इथे पायी कामाला जाणाऱ्याचा प्रवासखर्च शून्य येतो, आणि प्रवासाचे पैसे झेपत नाहीत म्हणून लांबची नोकरी सोडलेल्या बाईचाही शून्यच येतो. सूत्र दोघांना सारखंच सुखी ठरवतं. 'पैसे किंवा वेळ नाही म्हणून गेल्या महिन्यात कुठे जाणं टाळलं?' हा प्रश्न घाला. शिवाय भाडं आणि प्रवास वजा जाता माणशी किती रुपये उरतात, तेही टक्केवारीशेजारी छापा. ३५ टक्के वजा जाऊन २६,००० उरणं आणि १,३०,००० उरणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

२०११ च्या जनगणनेचा बी-२८ तक्ता (लोक कामाला किती लांब आणि कशाने जातात याचा) वापरताना दोन गोष्टी सांभाळा. त्यात फक्त 'इतर कामगार' आहेत, शेतीतले आणि घरगुती उद्योगातले नाहीत. शिवाय तो मुंबईच्या पहिल्या मेट्रोच्याही (जून २०१४) आधीचा आहे.

नकाशावरचं वर्तुळ

स्टेशनभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढलं की नाल्यापलीकडची, रुळांपलीकडची वस्तीही 'जवळ' येते. प्रत्यक्ष पायवाटेने मोजा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी भरलेल्या खुल्या नकाशावर गल्ल्या आणि पादचारी पूल सुटलेले असतात, ते आधी चालून भरा. वेळापत्रकातली प्रत्येक गाडी मिळालीच असंही धरू नका. दिवा किंवा मुंब्रा स्टेशनवर सकाळी ८ ते १० उभं राहा आणि चढता न आल्याने किती गाड्या सोडाव्या लागतात ते मोजा. सोडलेली प्रत्येक गाडी प्रतीक्षेच्या वेळेत धरा.

पुनर्वसन वसाहतीतलं सर्वेक्षण

मानखुर्द, वाशी नाका, माहुल इथल्या, विस्थापितांना घरं दिलेल्या वसाहतींत आज राहणाऱ्यांनाच विचारलं तर परिस्थिती आहे त्याहून बरी दिसते. ज्यांना लिफ्टची वर्गणी, देखभाल खर्च आणि कामापर्यंतचा प्रवास झेपला नाही, ते खोली भाड्याने देऊन निघून गेलेले असतात. मूळ वाटपाची यादी मिळवा, तीतून नमुना निवडा आणि कुलूपबंद किंवा पोटभाडेकरू असलेलं घर वगळू नका. शेजाऱ्यांकडून मूळ कुटुंबाचा पत्ता काढा. तिथे पोचता आलं नाही, तर अशी घरं किती होती तो आकडा निष्कर्षाच्या पानावरच द्या, परिशिष्टात नको.