मूल वजनात कमी वाटतंय? घरी काय तपासायचं, ताटात काय बदलायचं

इंदूरच्या मराठी घरात दीड-दोन वर्षांचं बारीक अंगाचं मूल असलं, की हळदीकुंकवाला आलेल्या काकूंपासून सुट्टीत पुण्याहून आलेल्या आत्यापर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न असतो: 'खात नाही का गं हा काही? वाळलाय अगदी!' मग आईची झोप उडते आणि बाबा रात्री फोनवर वजन वाढवायच्या पावडरी शोधत बसतात. पावडर जरा बाजूला ठेवा. त्याआधी करायची कामं स्वस्त आहेत, फक्त त्यांना दोन-तीन महिन्यांची चिकाटी लागते.

पहिलं काम: वजन नीट करा

वर्ष उलटलं की मूल महिन्याला साधारण २०० ग्रॅम वाढतं. घरचा उभं राहायचा काटा अर्धा किलो इकडेतिकडे सहज दाखवतो, आणि भरलेला डायपर एकटा पाव किलोपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे 'गेल्या आठवड्यात दहा होतं, आज पावणेदहाच भरलं' या हिशोबावर रडण्यात अर्थ नाही. अंगणवाडीत, जवळच्या सरकारी संजीवनी क्लिनिकमध्ये किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे, दर वेळी त्याच काट्यावर, महिन्यातून एकदा, कपडे आणि डायपर उतरवून वजन करा. रोज करू नका. रोजचं वजन मुलाचं काही सांगत नाही, आईबापांचा जीव मात्र टांगणीला लावतं.

दुसरं: तक्त्यावर खूण करा

लसींच्या नोंदी असतात त्या माता-बाल संरक्षण कार्डात वाढीचा तक्ता असतो, मुलींचा गुलाबी आणि मुलांचा निळा. बऱ्याच घरांत हे कार्ड लसीच्या दिवशीच कपाटातून बाहेर येतं. दर महिन्याचं वजन त्यावर टिंबाने मांडा आणि टिंबं जोडा.

साधारण कल्पना यावी म्हणून: एक वर्षाच्या मुलाचं मधलं वजन ९.६ किलो, मुलीचं ८.९. दोन वर्षांना मुलगा १२.२, मुलगी ११.५. तीन वर्षांना १४.३ आणि १३.९. 'मधलं' म्हणजे निम्मी निरोगी मुलं याच्या खालीच असणार. कमी वजनाची रेघ बरीच खाली आहे: वर्षाला मुलगा ७.७ आणि मुलगी ७.०, दोन वर्षांना ९.७ आणि ९.०, तीन वर्षांना ११.३ आणि १०.८. म्हणजे सव्वादहा किलोचा दोन वर्षांचा मुलगा शेजारच्या गुटगुटीत पोरापुढे किडकिडीत दिसेल, पण तो रेघेच्या वरच आहे.

हे विलायती मुलांचे आकडे, आपल्याला कसे लागू, असंही कुणीतरी म्हणतंच. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये हे तक्ते काढले ते सहा देशांतल्या मुलांवरून, आणि त्यांत आपल्या दिल्लीची मुलंही होती. चांगलं पोषण मिळालं की पाच वर्षांपर्यंत सगळीकडची मुलं जवळपास सारखी वाढतात.

मी सगळ्यात जास्त लक्ष टिंबांच्या दिशेला देतो. खालच्या बाजूने का होईना, पण छापलेल्या रेघांना समांतर वर जाणारं मूल बहुधा ठीक असतं. सुरुवातीला मधोमध असलेलं आणि आता महिन्यामागून महिने आडवं चाललेलं मूल डॉक्टरांना दाखवायला हवं, मग ते अजून कमी वजनाच्या रेघेच्या वर का असेना. मूल दिवसांच्या आधी जन्मलं असेल, तर दोन वर्षांपर्यंत वय मोजताना तेवढे आठवडे वजा करा.

उंचीही मोजून घ्या. दोन वर्षांखालच्या मुलाला आडवं झोपवून मोजतात. आणि अंगणवाडीताईंकडची दंडाची रंगीत पट्टी लावून बघायला सांगा. सहा महिने ते पाच वर्षं वयात दंडाचा घेर १२.५ सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पट्टी हिरवी, ११.५ च्या खाली गेली तर लाल. लाल आली तर पुढचं वाचत न बसता डॉक्टर गाठा.

तिसरं: तीन दिवस सगळं लिहा

पोटात जाणारी प्रत्येक गोष्ट लिहा. आजोबांच्या बशीतला चहा, त्यात बुडवलेलं बिस्कीट, दुकानातून येताना हातात दिलेली शेवेची पुडी, सगळं. 'काहीच खात नाही' म्हणणाऱ्या घरात हा कागद भरला की बहुतेकदा एकच गुन्हेगार सापडतो, तो म्हणजे दूध.

दीड वर्षाच्या मुलाला दिवसाला हजाराच्या आसपास उष्मांक लागतात. गायीच्या दुधाच्या एका लिटरमध्ये साडेसहाशेच्या घरात असतात, म्हशीच्या दुधात त्याहून जास्त. जेवला नाही म्हणून बाटली, झोपताना बाटली, पहाटे रडला म्हणून बाटली. मग वरणभातासाठी पोटात जागा कुठून राहणार? शिवाय दुधात लोह जवळजवळ नसतंच. लोह कमी पडलं की रक्त कमी होतं, रक्त कमी झालं की भूक मरते, आणि जेवत नाही म्हणून पुन्हा दूध! दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर पुरे, तेही पेल्याने, जेवणानंतर. बाटली सोडवताना तीन-चार रात्री घर डोक्यावर घेतलं जाईल, ते सोसा. (आईचं दूध चालू असेल तर ते दोन वर्षं आणि पुढेही चालू द्या; फक्त दिवसा जेवणाच्या तोंडावर नको.)

चौथं: तेवढ्याच वाटीत जास्त बसवा

मुलाचं पोट लहान. दोन वाट्या खा म्हणून मागे लागण्यापेक्षा अर्ध्या वाटीत ऐवज भरा. डाळीचं पाणी बंद. आपल्याकडे ते औषधासारखं पाजतात, पण डाळ खाली राहते आणि मुलाच्या वाट्याला हळदीचं पाणी येतं. वरण चमच्यावरून ओघळणार नाही इतकं घट्ट हवं. चमचाभर तुपाने ४५ उष्मांक वाढतात, आणि दिवसाला दोन-तीन चमचे वेगवेगळ्या जेवणांत सहज जिरतात.

इंदूरचं स्वयंपाकघर यात कामाला येतं. बाफला, म्हणजे उकडून भाजलेला कणकेचा गोळा, डाळीत कुस्करून वर तूप घातलं, तर त्याहून भरीव घास शोधून सापडायचा नाही. भुट्ट्याचा कीस दुधात मऊ शिजवा, मिरची वगळा. मऊ भातावर मेतकूट-तूप, शेंगदाण्याचं बारीक कूट घातलेली खिचडी, दह्यासोबत थालीपिठाचा मऊ तुकडा, अंडं चालत असेल तर रोज एक. सकाळचे पोहे द्यायला हरकत नाही, पण मटार आणि दाण्याचं कूट घालून, वर लिंबू पिळून. शेव आणि जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) मोठ्यांच्या ताटात राहू दे. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे चार-पाच वर्षांपर्यंत देऊच नका, श्वासनलिकेत अडकतात.

लोहाचं सिरप सरकारी कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर देतात. आशाताईंना विचारा. जंताचं औषधही वर्षाच्या पुढे मिळतं.

पाचवं: जेवणाची वेळ ठरवा आणि माघार घ्या

तीन-चार जेवणं, मध्ये एक-दोनदा खाऊ, आणि दोन खाण्यांमध्ये दोन-अडीच तास पाण्याखेरीज काही नाही. भूक लागायला वेळ तर मिळू दे. अर्ध्या तासात ताट उचला, खाल्लं असो वा नसो. काय, कधी, कुठे हे तुम्ही ठरवा. किती हे मुलाला ठरवू द्या. नाक दाबून भरवलेला घास आज पोटात जातो आणि उद्या ताट दिसताच तोंड मिटतं. मोबाइलवर कार्टून लावून भरवलं तर मूल गिळतं खरं, पण पोट भरल्याचं त्याला कळत नाही. काऊचा घास, चिऊचा घास चालेल. वाटी घेऊन बिल्डिंगभर मागे धावणं नको. नवा पदार्थ दहा वेळा नाकारला जाईल, अकराव्यांदा पुन्हा ताटात ठेवा.

पहिल्या वर्षात सहा-साडेसहा किलो वाढलेलं मूल दुसऱ्या वर्षात अडीचच किलो वाढतं. त्यामुळे वाढदिवसानंतर भूक कमी होणं हा बहुतेक वेळा आजार नसतो.

डॉक्टरांकडे कधी

दोन-तीन महिने वजन वाढलंच नाही किंवा घटलं. दोन आठवड्यांवर जुलाब. दोन आठवड्यांवर ताप किंवा खोकला. दूध पिताना धाप, घाम. तळहात पांढरे. मूल निपचित किंवा सारखं किरकिरं. दोन्ही पावलांवर सूज, बोट दाबलं की खळगा राहतो, अशी असेल तर त्याच दिवशी जा. सरकारी सोय हवी तर एमवाय हॉस्पिटल आणि त्याच्या आवारालगतचं चाचा नेहरू बाल रुग्णालय आहे. तीव्र कुपोषण निघालं तर पोषण पुनर्वसन केंद्रात आई आणि मूल यांना साधारण दोन आठवडे ठेवून घेतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट माळव्यातल्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी, कारण आपल्याकडे सकाळ-संध्याकाळ गहूच. पोट फुगलेलं, शी सैल, वजन थांबलेलं असेल तर डॉक्टर सीलिअॅकची, म्हणजे गव्हाने आतड्याला होणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी सांगू शकतात. ती होईपर्यंत स्वतःच्या मनाने गहू बंद करू नका. बंद केला तर तपासणी चुकीची 'सर्व ठीक' येऊ शकते.

जाताना कार्ड, तीन दिवसांचा कागद आणि जन्माचं वजन सोबत न्या. भुकेचं सिरप मागून घेऊ नका. नेहमीच्या सिरपांनी मुलाला गुंगी येते, आणि बाटली संपली की भूक पुन्हा होती तिथेच.