नेमबाजीच्या नॅशनल्सच्या आधी पॉइंट टू-टूची (.२२ कॅलिबर) ॲम्युनिशन: लॉट निवडण्यापासून डबा भरेपर्यंत

अमेरिकेत सेंटरफायर रायफलवाले (त्यांच्या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या मध्यात असतो) काडतुसांच्या रिकाम्या केस, म्हणजे पितळी कवचं, गोळा करून घरच्या टेबलावर परत भरतात, आवाजापेक्षा कमी वेगाची गोळी हवी असेल तर तशी जमवतात, आणि त्यांचे व्हिडिओ बघून आपल्याकडच्या पोरांनाही वाटतं की चला आपणही काहीतरी करू. तर पहिलं म्हणजे तो विषय डोक्यातून काढा. आपली ५० मीटरची रायफल रिमफायर, पेटणारा मसाला केसच्या कडेतच असतो, पिन आपटली की कड चेपते आणि ती केस तिथेच संपते. दुसरं म्हणजे आर्म्स ॲक्ट १९५९ खाली लायसन्सशिवाय काडतूस बनवणं हा सरळ गुन्हा आहे. पण मजा अशी की आपली मॅच ॲम्युनिशन मुळातच सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाची) येते, म्हणजे ते लोक ज्यासाठी एवढा खटाटोप करतात ते आपल्याला डब्यात तयार मिळतं, आपल्या हातात उरतं ते फक्त निवडणं, तपासणं आणि सांभाळणं. आणि तेवढंही बरेच जण नीट करत नाहीत, हजारो रुपये जॅकेट-ट्राउझरवर घालतात आणि गोळी मिळेल ती मारतात.

कागदपत्रं आधी बघा, कारण ती शेवटच्या आठवड्यात होत नाहीत. लायसन्सची मुदत, त्यावर वर्षाला किती आणि एका वेळी किती राऊंड (काडतुसं) ठेवता येतात तो आकडा, खरेदीच्या नोंदी, असोसिएशनचं पत्र, सगळ्याच्या झेरॉक्स वेगळ्या फाइलमध्ये. रायफल क्लबची असेल तर ती कोणाच्या नावावर आहे आणि प्रवासात सोबत कोण असणार हे आत्ताच विचारून घ्या, विमानतळावर विचारू नका.

आता लॉट, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेला माल. एकाच ब्रँडची, एकाच नावाची, एकाच किमतीची दोन खोकी घेतली तरी लॉट नंबर वेगळा असेल तर ती दोन वेगळी ॲम्युनिशन समजायची. पंगतीचा भात एकाच पोत्यातल्या तांदळाचा लावतात तसं आहे हे. एली, लापुआ, आरडब्ल्यूएस, कोणाचंही घ्या, महागातला महाग लॉटसुद्धा तुमच्या बॅरलला पसंत पडेल याची गॅरंटी नाही, आणि शेजारच्या लेनवरच्या पोराच्या रायफलमधून जो लॉट भोकात भोक पाडतो तो तुमच्यात पसरू शकतो. म्हणून मोठे शूटर रायफल घेऊन थेट कंपनीच्या टेस्ट रेंजवर जातात, एलीची बर्मिंगहॅमला आहे, लापुआची जर्मनीत शोनेबेकला. आपल्याला ते जमेलच असं नाही, आपल्याकडे असोसिएशनमार्फत किंवा डीलरकडे जे आलंय त्यातूनच निवडायचं, पण दोन-तीन वेगळ्या लॉटचा एकेक डबा मागून घेणं तरी जमतं. टेस्ट करा, जो बसेल त्याच लॉटचा पूर्ण सीझनचा माल एकदम उचला (लायसन्सच्या आकड्यात बसेल तेवढाच अर्थात), नंतर जाल तर तो लॉट संपलेला असतो हे ठरलेलं.

एवढं डोकं कशाला लावायचं, तर हिशोब करून बघा. मॅच गोळी ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅम, आणि बॅरलमधून सव्वातीनशे मीटर सेकंदाला अशा वेगाने निघते. दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटरचा फरक असला तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाने ५० मीटरवर त्या एकमेकींपासून सात मिलिमीटर वरखाली लागतात. टार्गेटवर एक रिंग ८ मिलिमीटरची. म्हणजे होल्ड परफेक्ट, ट्रिगर परफेक्ट, आणि तरी दहाचा नऊ. पॅरिसला २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचा प्रकार) ब्राँझ आणलं तेव्हा क्वालिफिकेशनमध्ये तो ५९० वर सातवा होता, आणि ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर ५८९ वर अकरावा, फायनलच्या बाहेर. एका पॉइंटचा खेळ आहे हा. सगळे पॉइंट गोळीमुळे जातात असं कोणी म्हणत नाही, बहुतेक आपल्यामुळेच जातात, पण निदान गोळीवर शंका घ्यायला जागा नको ना.

सबसॉनिकच का, हाय व्हेलॉसिटी का नाही, हे नवीन पोरं हमखास विचारतात. आवाजाचा वेग १५ डिग्रीला साधारण ३४० मीटर सेकंदाला. त्याच्या वर निघालेली गोळी वाटेत त्या वेगाच्या खाली उतरते आणि उतरताना डगमगते, ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, फाटतो. शिवाय गंमत म्हणजे जास्त वेगाची टू-टू वाऱ्यात कमी नाही तर जास्त सरकते, कारण त्या पट्ट्यात हवेचा अडथळा एकदम वाढतो. आणि आवाजाचा वेग तापमानाबरोबर बदलतो, डिग्रीमागे साधारण ०.६ मीटर, त्यामुळे पुण्याच्या बालेवाडीत मे महिन्यात ३५ डिग्रीला मार्जिन भरपूर असतं, थंडीत दिल्लीला पहाटेच्या डीटेलला (तुकडीच्या पाळीला) ते बरंच कमी होतं. म्हणून टेस्ट उन्हाळ्यात केली असेल तर थंडीतही एकदा करून घ्या.

टेस्ट कशी, तर खांद्यावरून नाही. रेंजवर बॅरल पकडायचा क्लॅम्प असेल तर उत्तमच, नसेल तर पक्का बेंच आणि पुढे-मागे रेस्ट. बॅरल साफ करून सुरू करा आणि प्रत्येक लॉट बदलताना नवीन लॉटचे पहिले दहा-पंधरा राऊंड मोजायचेच नाहीत, कारण गोळीवरचं वंगण बॅरलमध्ये बसतं आणि ब्रँड बदलला की आधीच्याचा थर निघून नवीन बसायला वेळ लागतो. मग दहा-दहाचे ग्रुप, लॉटमागे निदान चार. पाचच्या ग्रुपवर निर्णय घेऊ नका, पाच गोळ्या कुठलाही लॉट एकदा तरी एका भोकात घालतो आणि माणूस त्याच कागदाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतो. चारही ग्रुप एकावर एक ठेवून बघा, सगळ्यात वाईट ग्रुप किती मोठा आहे ते बघा, सगळ्यात चांगला नाही. एकटी गोळी बाहेर गेली असेल तर ती "मोजायची नाही" असं मनाला समजावू नका, मॅचमध्ये ती मोजलीच जाणार आहे. कागदावर लॉट नंबर, तारीख, तापमान, रायफलच्या स्क्रूंचा टॉर्क (किती घट्ट आवळले ते), हे सगळं तिथल्या तिथे लिहा. आणि ग्रुप वरखाली लांबट येत असेल तर वेगाचा संशय घ्या, आडवा पसरत असेल तर आधी वारा आणि रेस्ट तपासा.

वजन करून काडतुसं वेगळी करणं, कडेची जाडी गेजने मोजणं, हे प्रकार करणारे आहेत. माझं मत विचाराल तर स्वस्त ॲम्युनिशनवर कडेची जाडी मोजून थोडा फायदा मिळू शकतो, पण वजनाच्या नादाला लागू नका, काट्यावर दिसणारा फरक केसच्या पितळेचा की शिशाचा की मसाल्याचा हे कळतच नाही, आणि तो वेळ ड्राय प्रॅक्टिसला (गोळी न भरता सरावाला) दिला तर स्कोअर नक्की वाढतो. डोळ्याने मात्र प्रत्येक डबा बघायचा. गोळीला ओरखडा, दबलेलं टोक, वंगणाला चिकटलेली धूळ किंवा वाळूचा कण, असलं काही दिसलं की ते राऊंड साइटरला (स्कोअरच्या आधीचे, न मोजले जाणारे शॉट) किंवा बॅरल गरम करायला. जमिनीवर पडलेला राऊंड पुसून परत घालायचा नाही, तो चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) वाळू घेऊन जातो.

साफसफाईचं वेळापत्रक ठरवून टाका आणि मॅचच्या आदल्या रात्री नवीन काही करू नका. चेंबरच्या थोडं पुढे जळलेल्या मसाल्याची कडक रिंग जमते, ती राहिली की चांगला लॉटही बिघडल्यासारखा वाटतो आणि माणूस उगाच गोळीला शिव्या देतो. रॉड मागूनच घालायचा, गाइड लावून, आणि साफ केल्यावर मॅचच्याच लॉटचे काही राऊंड मारल्याशिवाय स्कोअरला बसायचं नाही.

साठवण म्हणजे सावली आणि एकसारखं तापमान, बस. गाडीच्या डिकीत उन्हात दोन तास राहिलेला डबा आणि एसी खोलीतला डबा एकाच लॉटचे असले तरी त्या दिवशी सारखे वागणार नाहीत. पावसाळ्यात कोकणात किंवा कोल्हापुरात हवाबंद डबा, आत सिलिका जेल. रेंजवर उघडा ब्लॉक (राऊंड उभे लावायचा ठोकळा) उन्हात ठेवू नका, वरून रुमाल टाका. ठेवायची जागा कुलपात, घरात लहान मुलं असोत नसोत.

प्रवासाला विमान असेल तर एअरलाइनला आधी कळवा, ॲम्युनिशन चेक-इनमध्येच जाते, पॅकिंगसकट माणशी ५ किलोची मर्यादा असते, बाकीचे नियम त्या एअरलाइनकडून लेखी घ्या. निघायच्या आधी रायफलची बॅग, किटबॅग, जॅकेटचे खिसे उलटे करून झटका, एक विसरलेला राऊंड हँडबॅगेत सापडला तर मॅच राहिली बाजूला, पोलीस स्टेशनात दिवस जातो.

मोजणी अशी करा. थ्री पोझिशनला मॅचचे ६०, साइटर पाहिजे तेवढे, म्हणून दीडशे तरी एकाच लॉटचे मॅचसाठी वेगळे, फायनलसाठी तीन डबे अजून, आणि आदल्या दिवशीच्या ट्रेनिंगलाही तोच लॉट. डब्यावर मार्करने मोठ्या अक्षरात "मॅच" लिहा. सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं आहे हे दाखवणारी पट्टी) दोन घ्या, एक हरवतोच. राऊंड वाजला नाही तर बोल्ट लगेच उघडायचा नाही, रायफल टार्गेटकडे धरून तीस सेकंद थांबायचं, हात वर करून रेंज ऑफिसरला सांगायचं, आणि तो राऊंड आपल्या ब्लॉकमध्ये परत न ठेवता त्याच्याकडेच द्यायचा. संध्याकाळी हॉटेलवर उरलेले राऊंड मोजून वहीत लिहा, सुटे राहिले असतील तर दुसऱ्या लॉटच्या डब्यात भरू नका, साध्या झिप पाऊचमध्ये लॉट नंबरची चिठ्ठी घालून ठेवा.