रीस्टोअरमध्ये घरसामान घेताना, देताना

अमेरिका-कॅनडातल्या ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या गरजूंसाठी घरं बांधणाऱ्या संस्थेच्या रीस्टोअर नावाच्या दुकानांमध्ये जुनं फर्निचर, दारं, सिंक मिळतात; विक्रीचा पैसा घरबांधणीला जातो. सोबत मोजायची टेप आणि टॉर्च न्याच. सोफा घेण्याआधी आपल्या दाराची, जिन्याच्या वळणाची मापं लिहून ठेवा. बहुतेकांचं इथेच चुकतं. शिवणी, ड्रॉवरचे सांधे टॉर्चने तपासा. काळे ठिपके दिसले तर ढेकणांचा संशय धरा आणि कितीही स्वस्त असो, सोडून द्या. दिवे तिथेच प्लग लावून पाहा.

देताना आधी फोन करा. गाद्या सहसा घेत नाहीत. बाळाचे सरकत्या कठड्याचे पलंग तर नाहीच, अमेरिकेत 2011पासून त्यांच्या विक्रीला बंदी आहे. नळांचे, दिव्यांचे स्क्रू पिशवीत घालून त्या वस्तूलाच चिकटवा, नाहीतर चांगली वस्तूही पडून राहते. करसवलतीसाठी पावती मागा. अमेरिकेत दिलेल्या वस्तूची किंमत मात्र तुम्हीच ठरवायची.