नागपूरच्या गच्चीवरून आकाश कसं वाचायचं: एक पाईप, दोन मुठी आणि पाण्याची टाकी

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की आपल्या नागपुरात दुपारी कोणी घराबाहेर पडत नाही, आणि मृग लागला की शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो, पण नवतपा किंवा मृग लागतो तेव्हा आकाशात नेमकं काय होऊन राहिलं असतं असं विचारलं की बहुतेक जण भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवतात. कॅलेंडरमधे ते आलं कुठून, तर पिढ्यानपिढ्या कोणीतरी रोज वर पाहून लक्षात ठेवलं म्हणून. ते पाहणं तुम्हाला घरच्या गच्चीवरून जमतं, फक्त एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा पाहायची तयारी पाहिजे. मी तर सांगतो, पहिलं वर्षभर दुर्बीण घेऊच नका. दुर्बिणीतून एक तुकडा मोठा दिसतो, पण अख्खं आकाश कसं फिरतं ते साध्या डोळ्यांनीच कळतं.

सुरुवात दिवसा करा. एक मीटर लांबीचा सरळ पीव्हीसी पाईप घ्या, घरात उरलेल्या एखाद्या मोठ्या टाईलवर एमसील लावून उभा चिकटवा आणि ओळंब्याने तपासा, कारण पाईप थोडा जरी कलला तर सगळी मापं चुकतात. टाईल गच्चीवर जिथे दुपारी अडथळा नाही तिथे ठेवा, खाली समतल पाहिजे. आता ११:४५ पासून १२:४० पर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने ठिपका द्यायचा. सूर्याकडे थेट पाहायचं नाही, सगळं काम सावलीचं आहे. सावली हळूहळू आखूड होते, मग परत लांबायला लागते, आणि सगळ्यात आखूड असते तेव्हा आपल्या गावाची खरी दुपार. ती बरोबर बाराला होत नाही, कारण अख्ख्या भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि नागपूर ७९.१ अंशावर, एका अंशाला ४ मिनिटं म्हणजे आपण साडेतेरा मिनिटं मागे, आणि वर्षभरात त्यातही काही मिनिटांची कमीजास्त होत राहते. त्या आखूड सावलीवरून एक पक्की रेघ मारून ठेवा, ती तुमची उत्तर-दक्षिण, मोबाईलच्या कंपासपेक्षा जास्त भरवशाची.

आता ही सावली वर्षभर मोजायची, महिन्यातून दोनदा मोजली तरी चालेल. २१ मार्चला ती ३९ सेंटीमीटरच्या आसपास येते. मग ती आखूड होत होत २६ मेच्या सुमारास, दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास, गायब होते, पाईपच्या बुडाशी फक्त एक काळं वर्तुळ राहतं, बस. सूर्य अगदी डोक्यावर. आणि तारीख पहा, २५ मेला नवतपा लागलेला असतो! आमच्या बिल्डिंगमधले पोट्टे हे पाहायला भर उन्हात चपला घालून गोल करून उभे होते, एकाने पाईपला हात लावून पाहिला की सावली खरंच कुठे लपली तर नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. २१ जूनला (ढग नसले तर) परत मोजा, चारेक सेंटीमीटर सावली सापडेल, पण ती दक्षिणेकडे! म्हणजे सूर्य आपल्या डोक्यावरून पुढे उत्तरेला निघून गेला. १७ जुलैच्या सुमारास तो परत येताना पुन्हा डोक्यावर येतो, तेव्हा बहुतेक पाऊस असतो, म्हणून मे सोडू नका.

हे सगळं कशामुळे, तर पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंश कललेला आहे म्हणून. खूप जणांना वाटतं उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते, तसं अजिबात नाही, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आपण सूर्यापासून सगळ्यात जवळ असतो, साधारण १४.७ कोटी किलोमीटर, आणि जुलैच्या सुरुवातीला सगळ्यात लांब, १५.२ कोटी. नागपूरचा मे तापतो तो किरणं सरळ पडतात, दिवस तेरा तासांचा असतो आणि जमीन कोरडी असते म्हणून.

आता रात्रीकडे या. गच्चीवरचा लाईट बंद करा, मोबाईल खिशात ठेवा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं द्या. टॉर्च लागलाच तर त्यावर लाल जिलेटीन पेपर गुंडाळा. हात पूर्ण लांब करून मूठ आवळली की आकाशात ती साधारण १० अंश मापते, करंगळी १ अंश. आता दुपारी मारलेल्या रेघेवर उत्तरेकडे तोंड करून उभे रहा आणि क्षितिजापासून एकावर एक दोन मुठी रचा, त्याच्या जरासा वर ध्रुवतारा. २१ अंशांवर, कारण नागपूरचा अक्षांशच २१ आहे. कन्याकुमारीत तो आठच अंशांवर दिसतो, श्रीनगरला ३४ वर. तो फार तेजस्वी नाही आणि उत्तरेला उंच बिल्डिंग असली तर दिसणारच नाही, म्हणून मार्च ते जून संध्याकाळी सप्तर्षींमधले पुढचे दोन तारे, पुलह आणि क्रतू, यांना जोडून त्याच अंतराच्या पाचपट पुढे जा, तिथे पोचता. हिवाळ्यात सप्तर्षी संध्याकाळी नसतात, तेव्हा एम अक्षरासारखा दिसणारा शर्मिष्ठा तारकासमूह वापरा.

ग्रह ओळखायला सोपे आहेत. तारे लुकलुकतात, ग्रह स्थिर तेजाने चमकतात, आणि ते नेहमी सूर्य-चंद्राच्याच वाटेवर सापडतात, ध्रुवाच्या बाजूला कधीच नाही. गुरू एका राशीत साधारण वर्षभर राहतो, शनी अडीच वर्षं. साडेसातीचं गणितही तिथलंच आहे, अडीच वर्षं गुणिले तीन राशी. नाव आठवत नसेल तर स्टेलॅरियम ॲप मदत करतं, पण आधी स्वतः ओळखून पहा, मग ॲप उघडा.

आता माझा सगळ्यात आवडता प्रयोग, याला चार-पाच रात्री लागतात. गच्चीत भिंतीला पाठ टेकवून बसा, बसायच्या जागेवर खडूने खूण करा, एक डोळा मिटा आणि पश्चिमेकडे पाण्याच्या टाकीच्या किंवा शेजारच्या भिंतीच्या कडेमागे एखादा ठळक तारा जाईल तो क्षण घड्याळात नोंदवा. ग्रह घेऊ नका, तो स्वतः सरकतो. दुसऱ्या दिवशी त्याच जागेवर बसा, तोच तारा ४ मिनिटं आधी गायब होईल. तिसऱ्या दिवशी ८ मिनिटं. स्वतःच्या हाताने लिहिलेले ते आकडे रांगेत पाहिले ना की अंगावर काटा येतो, कारण तुम्ही पृथ्वी सूर्याभोवती फिरताना पकडली. पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी पूर्ण करते, पण तेवढ्यात ती सूर्याभोवतीही जवळपास एक अंश पुढे सरकलेली असते, म्हणून सूर्य परत त्याच जागी यायला आणखी ४ मिनिटं लागतात. महिन्याला दोन तास, बारा महिन्यांत चोवीस, हिशोब पूर्ण.

आणि इथेच मृगाचं कोडं सुटतं. ७-८ जूनला मृग लागतो म्हणजे आपल्याकडून पाहिलं तर सूर्य त्या ताऱ्यांच्या दिशेला गेलेला असतो, म्हणून जूनमधे ते तारे दिसतच नाहीत. नवतप्यात सूर्य रोहिणीत असतो, तेव्हा रोहिणीही दिसत नाही. आपल्या जुन्या लोकांनी न दिसणारं नक्षत्र ओळखलं ते बाकीचं आकाश पाठ होतं म्हणून, मला याचं फार अप्रूप वाटतं.

शहरात ठळक तारेच दिसतात, ओळख करून घ्यायला ते बरंच आहे. रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात एक चक्कर मारा, आणि जमलं तर अमावस्येच्या आसपास पेंचकडे जा, जानेवारी २०२४ मधे ते भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, झालं.

पाईप मात्र काढू नका, २२ डिसेंबरची नोंद राहिलीय. त्या दुपारी सावली ९९ सेंटीमीटर, जवळजवळ पाईपएवढीच, वर्षातली सगळ्यात लांब. ती मोजून खाली उतरा आणि संध्याकाळी साडेसातला परत या, पूर्वेला जूनमधे हरवलेला मृग वर आलेला असतो, पोटात तीन ताऱ्यांचा बाण घेऊन, आणि त्याच्या मागोमाग व्याध.