आखूड बुलपप एअर रायफल घेण्याआधी ती कशी पारखावी

बुलपप हातात घेतली की आधी भुरळ पडते ती तिच्या आखूडपणाची. साधी पीसीपी, म्हणजे टाकीत आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, एअर रायफल मीटरभर लांब असते, तर तेवढ्याच नळीची बुलपप पाऊण मीटरच्या आसपास बसते. यात नळीचं मागचं टोक, व्हॉल्व्ह आणि मॅगझिन ट्रिगरच्या मागे, थेट दस्त्यात असतात. नळी कापलेली नसते, त्यामुळे छर्र्याची ताकद कमी होत नाही. जळगाव-धुळ्याकडे सराव बहुतेक गच्चीवर किंवा मागच्या वाड्यात होतो. अरुंद जिन्यातून ने-आण करायला ही रायफल खरंच सोयीची आहे. पण तिच्या उणिवाही याच रचनेतून येतात, म्हणून घाई करू नका.

आधी कायदा बघा. भारतात 4.5 मिलिमीटरपर्यंत बोअर (नळीचा आतला व्यास) आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जा असेल तर परवाना लागत नाही. यातली एकही मर्यादा ओलांडली की लागतो. 0.54 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण 272 मीटर वेगाने सुटला की 20 ज्यूल होतात. त्यामुळे वेगाचा आकडा ऐकाल तेव्हा तो किती वजनाच्या छर्र्याचा, हेही विचारा.

मग रायफल रिकामी असल्याची खात्री करा आणि ती डोळे मिटून खांद्याला लावा. गाल टेकवा, मग डोळे उघडा. स्कोपचं चित्र पूर्ण गोल दिसलं पाहिजे. मान उचलावी किंवा दाबावी लागत असेल तर ती रायफल तुमच्या अंगाची नाही. बुलपपमध्ये गाल यंत्रणेच्या वरच टेकतो, म्हणून स्कोप उंच बसवावा लागतो. याचा परिणाम जवळच्या निशाण्यावर फार दिसतो. नळीच्या मध्यापासून स्कोपची उंची 65 मिलिमीटर आणि नेम 10 मीटरवर बांधलेला असेल, तर 5 मीटरवर छर्रा सुमारे 3 सेंटीमीटर खाली लागतो. नवीन माणूस इथेच बिचकतो आणि उगाच स्कोपचे स्क्रू फिरवत बसतो. सरावाचं अंतर आधी ठरवा आणि नेम त्याच अंतरावर बांधा.

ट्रिगरला मात्र सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण बुलपप इथेच मार खाते. तुमचं बोट पुढे असतं आणि घोडा सोडणारी यंत्रणा मागे, गालाखाली. दोघांना जोडायला एक लांब सळई असते. ती जराशी वाकली किंवा घासली तरी ट्रिगर रबरासारखा वाटतो, नेमका कधी सुटेल ते कळत नाही. दुकानदाराला विचारून, रिकाम्या रायफलीचं तोंड सुरक्षित भिंतीकडे ठेवून, ट्रिगर दहा वेळा हळूहळू दाबा. ट्रिगरचा पहिला, हलका टप्पा संपल्याचं बोटाला स्पष्ट कळलं पाहिजे आणि दहाही वेळा सुटका त्याच जागी झाली पाहिजे. चांगल्या बनावटीत हे जमतं; स्वस्तात ते क्वचितच मिळतं.

वजन मागे असल्यामुळे उभ्याने धरायला बुलपप हलकी वाटते, पण पुढचं टोक लवकर डळमळतं. पुढचा भाग आखूड असल्याने पुढचा हात चुकून नळीसमोर जाऊ शकतो आणि वळताना रायफल सहज दुसऱ्याकडे रोखली जाते. पहिल्या दिवसापासून हात ठेवण्याची जागा पक्की करा. डावखुऱ्यांनी लिव्हर आणि मॅगझिनची बाजू तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण सगळं गालापाशीच असतं.

आपल्याकडच्या उन्हाची वेगळी काळजी घ्यावी लागते. 27 अंशाला 200 बार भरलेली टाकी मे महिन्यात बंद गाडीत 60 अंशाला पोचली, तर दाब 220 बारच्या वर जातो. रायफल गाडीत सोडू नका आणि दुपारी काठोकाठ हवा भरू नका. टाकीत फक्त कोरडी, स्वच्छ हवा भरायची. वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन कधीही नाही, कारण तेलाच्या अंशाशी गाठ पडली की स्फोट होतो.

केळीच्या बागेतल्या माकडांवर किंवा पाखरांवर ती रोखायची नाही. संरक्षित यादीतल्या प्राण्या-पक्ष्यांची शिकार वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. वाळू किंवा जुन्या चिंध्या दाबून भरलेल्या पेटीवर कागद लावा, मागे भक्कम भिंत ठेवा, डोळ्यांवर चष्मा चढवा आणि वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून एकाच जागी पाच छर्रे मारा.